आगाऊ आभार

पनवेलमध्ये त्या काळी कुठलाही कार्यक्रम असो, 'यानंतर आभारप्रदर्शन' हे शब्द कानावर पडले की माणसं चपला शोधायला लागत. बायका झोपलेली पोरं उचलत, पुढच्या रांगेतले पाहुणे घड्याळ बघत, आणि आभार मानणारा बिचारा रिकाम्या होत जाणाऱ्या खुर्च्यांना धन्यवाद देत राही. याला अपवाद एकच होता. आभाराला घरत सर उभे राहिले की उठलेली माणसंसुद्धा परत बसत. प्रेमाने नव्हे, भीतीने. आपण निघून गेलो आणि मागे सरांनी आपले आभार मानले तर काय घ्या, अशी ती भीती होती.

कारण घरत सर झालेल्या कामाचे आभार मानतच नसत. ते न झालेल्या कामाचे मानत. एकदा कुठल्याशा सत्कार समारंभात त्यांनी अध्यक्ष, पाहुणे, लाउडस्पीकरवाले वगैरे भराभर उरकले आणि मग आवाज जरा ओलसर करून म्हणाले, "आणि आमचे मंडपवाले शेठ. यंदा पदविका विद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला विनामूल्य मांडव घालायचं त्यांनी मनात आणलं आहे. असा दानशूर माणूस आपल्या पनवेलात आहे, हे आपलं भाग्य." शेठ तिसऱ्या रांगेत बटाटेवडा खात होते. त्यांच्या मनात त्या घडीला वड्याशिवाय दुसरं काहीही आलेलं नव्हतं. पण सभागृहाने टाळ्या वाजवल्या, शेजारच्याने पाठीवर थाप मारली, आणि शेठ वड्यासकट हात जोडून उभे राहिले. स्नेहसंमेलनाला मांडव आला. वर झालरही आली.

"मागितलं की माणूस हात आखडतो," सर सांगत. "आभार मानले की छाती पुढे काढतो. एकदा छाती पुढे आली की ती मागे घेणं फार अवघड असतं." असली वाक्यं ते अगदी गंभीरपणे, भूमितीचा नियम सांगावा तशी सांगत. आमची मात्र हसून पुरेवाट व्हायची.

आमचं पदविका विद्यालय पनवेलात एका बंद पडलेल्या भातगिरणीच्या मागे होतं. दहावी झालेली पोरं तिथे इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करत. उरण, पेण, कर्जत, कुठून कुठून एसटीला लटकून येत. सर आम्हाला ड्रॉइंग शिकवत. स्वतः पनवेलजवळच्याच गावचे. उंच, काटकुळे, पांढरा बुशशर्ट, खिशात टोक काढलेल्या शिसपेन्सिली आणि खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत एक नारळ. हा नारळ कायम तोच असे. सत्कार झालेला माणूस शाल बरोबर नेतो आणि नारळ टेबलावर विसरतो, हे सरांनी फार पूर्वीच हेरून ठेवलं होतं. एखादा पाहुणा नारळ उचलून निघालाच तर सर पुढे होत. "साहेब, ओझं कशाला? मी पोचवतो." तो नारळ मग कुठेही पोचत नसे. आमच्या प्राचार्यांना त्या नारळाचा भारी राग. या घरतांना मी एक दिवस नारळ देणार आहे, असं ते स्टाफरूममध्ये म्हणत. पण नारळ सरांच्याच पिशवीत असल्यामुळे ते काही जमलं नाही.

वर्गातही हेच. "शीट क्रमांक पाच उद्या वेळेवर आणून दिल्याबद्दल वनिताचे आभार," असं सर भर वर्गात म्हणत आणि मी वर्ग सुटताच दुकानाकडे धावे, कारण मी अजून कागदसुद्धा विकत घेतलेला नसे. मी उरणजवळच्या करंज्याची, नाखव्याची मुलगी. नाखवा म्हणजे होडीचा धनी. आमची होडी एकच आणि तीही जुनी, पण धनी तो धनी. घरी ड्रॉइंग बोर्ड ठेवायला सपाट जागा म्हणून अंगणातला ओटा तेवढा होता, आणि त्या ओट्यावर आईचा आधीपासून हक्क होता, सुकटीसाठी. मग अर्ध्या ओट्यावर सुकट आणि अर्ध्यावर मी. अशा शीटला जो वास लागायचा तो शाईने जात नाही. सरांनी ती हातात घेतली, जरा लांब धरली आणि म्हणाले, "रेघा उत्तम आहेत. परीक्षक घाटावरचा नेमला जाऊ नये, एवढंच बघायला हवं."

घरी मात्र सरांचं शास्त्र चालत नसे. काकू, म्हणजे त्यांची बायको, या विषयावर फार मोकळेपणाने बोलत. "लग्नात नाव घ्यायला सांगितलं तर हा माणूस उभा राहून माझे आभार मानायला लागला. जन्मभर स्वयंपाक केल्याबद्दल. त्यानंतर आजतागायत एक शब्द नाही. विचारलं की म्हणतो, तुझे मानून झालेत." सर यावर खाली मान घालून आमटी ओरपत. ती आमटी चांगली झाली आहे असंसुद्धा बोलत नसत.

आता जरा रडगाणं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डिप्लोमापर्यंत आमची फी सरकार भरत असे. चांगले मार्क पडले तर पुढे डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशही मिळे. पण फीमाफी मात्र डिप्लोमापाशी संपे. बारावी करून डिग्रीला गेलेल्या गरिबाच्या पोराला ती होती. डिप्लोमाच्या वाटेने आलेल्याला नव्हती. सरकारच्या लेखी आम्ही शिकून झालेले होतो. धक्क्यावरून लाँचीत चढला त्याला तिकीट माफ आणि पडावातून येऊन चढला त्याला नाही, असला तो न्याय. आमच्या आधी कितीतरी हुशार पोरं या ठिकाणी येऊन थांबली होती आणि कुणाच्या तरी साइटवर मिस्त्रीच्या हाताखाली लागली होती.

माझ्या शेवटच्या वर्षी मला डिग्रीला प्रवेश मिळणार हे नक्की होतं. फी भरता येणार नाही हेही तितकंच नक्की होतं. आमच्याकडच्या द्रोणागिरी डोंगराच्या बाजूला तेव्हा गोदामं उभी राहत होती. तिथल्या एका ठेकेदाराकडे बाबांनी माझ्यासाठी शब्दही टाकून ठेवला होता. गेटवर बसायचं आणि आत येणाऱ्या ट्रकांचे नंबर लिहायचे. मी हे सरांना सांगितलं. पिशवीतला नारळ काढून त्यांनी कानाशी हलवून पाहिला, पाणी आहे का ते. एवढं झालं की काहीतरी शिजतंय, हे आम्हाला कळत असे.

पुढच्या रविवारी सर करंज्याला हजर. तेही बंदरावर, ऐन मासळीच्या लिलावाच्या वेळी. लिलावात बोली चालू असताना आमच्याकडे देव आला तरी कुणी मान वर करत नाही. सर एका उलट्या टोपलीवर चढले, टोपली कुरकुरली, आणि भरल्या आवाजात त्यांनी सुरुवात केली. "करंज्याच्या समस्त बंधुभगिनींनो, आपल्या नाखव्यांनी मुलीला डिग्रीला पाठवायचा निर्णय घेतल्याबद्दल मी त्यांचे जाहीर आभार मानतो. या बंदरावरची पहिली इंजिनिअर." बोली थांबली. बायकांनी कमरेवरचे हात काढून टाळ्या वाजवल्या. बाबांच्या हातात नारळ पडला तेव्हा त्यांचा चेहरा जाळ्यात आपणच अडकल्यासारखा झाला होता.

घरी आल्यावर बाबांनी सरांना पाट दिला, पाणी दिलं आणि मग शांतपणे म्हणाले, "मास्तर, तुमी चार मानसांत बोललाव, मी गप रायलो. मना काय पोरगी शिकू नये वाटतंय? पन सरकार देत व्हता तवर शिकली. आता सरकार थांबला, तं आमी बी थांबलो. आभारावर फी भरत नाय."

"नाखवा, तुम्ही हो म्हणा. बाकीचं मी बघतो."

"काय बगतंव? माजं आभार मानून मना अडकवलाव. हिंमत हाय तं सरकारचं माना."

बाबांनी हे चिडून म्हटलं होतं. सरांनी ते सूचना म्हणून घेतलं. त्यांचे डोळे एकदम असे लकाकले की बाबा घाबरून म्हणाले, "मास्तर, मी आपला सहज बोललो." पण सर उठलेच होते. जाताना बाबांच्या हातातून नारळ परत घ्यायला मात्र ते विसरले नाहीत.

योग असा की त्याच महिन्यात आमच्या विद्यालयाच्या नव्या वर्कशॉपचं उद्घाटन होतं आणि त्याला शिक्षणमंत्री येणार होते. ही बातमी बाबांना कळली तेव्हा त्यांनी आमच्या भागातला जुना, खात्रीचा उपाय सुचवला. "मास्तर, आभार कशाला? एक चांगला जिताडा देऊ." आमच्याकडे साहेबाकडून काम करून घ्यायचं तर खाडीतला ताजा जिताडा मासा त्याच्या घरी पोचवायचा, ही रीतच आहे. सरांनी मान हलवली. "जिताडा साहेब खातो, हात धुतो आणि विसरतो. आभार पचत नाहीत, नाखवा." बाबांना हे फारसं पटलं नाही.

प्राचार्य मात्र सावध झाले होते. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावून बजावलं, "घरत, मंत्र्यांसमोर तुमचे आभार नकोत. संस्था बंद व्हायची." आभारप्रदर्शनाचं काम संस्थेच्या अध्यक्षांच्या जावयांना देण्यात आलं. ते तरुण होते, सुटाबुटातले होते आणि त्यांच्याकडून कुणालाच काही धोका नव्हता. सरांना मांडवामागे भोजनव्यवस्था दिली गेली. "घरत, तुम्ही जिलब्यांवर लक्ष ठेवा," प्राचार्य म्हणाले. सर बरं म्हणाले.

तोंडाने आभार मानायला बंदी होती, ब्रशाने नव्हती. मंत्री अलिबागकडून गोवा महामार्गाने येणार होते. सरांनी मांजरपाटाचे लांब पट्टे आणले आणि आम्हाला ड्रॉइंगमधल्या तिरप्या अक्षरांत लिहायला बसवलं: 'डिप्लोमानंतर डिग्रीलाही फीमाफी दिल्याबद्दल मंत्रीमहोदयांचे शतशः आभार.' एक फलक कर्नाळ्याला, एक पळस्पे फाट्यावर, एक विद्यालयाच्या दाराशी. कर्नाळ्याचा फलक बबनकडे होता. बबन माझ्याच वर्गातला, तिथल्याच डोंगराखालच्या ठाकूरवाडीतला. आईबाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात तेव्हा हा मागे एकटा राही आणि पनवेलला बहुतेक वेळा चालत येई. त्याने भीत भीत विचारलं होतं, "सर, होस्टेलचं बी आभार मानू काय?" सर म्हणाले होते, "एका वेळी एकच आभार. दोन मानले की माणूस त्यातले स्वस्तातले निवडतो." बबनने मान हलवली. पण रंग उरला होता आणि कापडावर जागाही उरली होती. कर्नाळ्याला पोचल्यावर त्याने फलकाच्या खाली आपल्या हाताने एक ओळ वाढवली: 'तसेच वसतिगृह मंजूर केल्याबद्दल.'

गाडीत काय झालं ते नंतर मंत्र्यांच्या ड्रायव्हरने आमच्या जिलब्या खाता खाता सांगितलं. कर्नाळ्याचा फलक वाचून मंत्र्यांनी पुढे बसलेल्या सचिवाला विचारलं, "आपण हे केलंय का हो?" सचिवाने कागद चाळले आणि म्हणाला, "विचाराधीन असेल, साहेब." पळस्प्याला दुसरा फलक आला. मंत्री म्हणाले, "आपल्याला माहीत नाही आणि लोकांना आधी कसं कळलं?" सचिव म्हणाला, "लोकांना आधीच कळतं, साहेब." विद्यालयाच्या दाराशी तिसरा फलक येईपर्यंत मंत्र्यांची छाती बऱ्यापैकी पुढे आली होती.

मी मांडवात बाबांच्या शेजारी बसले होते. बाबांनी लग्नाकार्याचा सदरा घातला होता आणि सरांचं न ऐकता टोपलीत बर्फ घालून एक जिताडा आणलाच होता. टोपली खुर्चीखाली होती. मंत्री बोलायला उभे राहिले. देशाची प्रगती झाली, तंत्रज्ञान झालं, कोकणची बुद्धिमत्ता झाली. बर्फ वितळून पाण्याचा एक ओघळ हळूहळू व्यासपीठाकडे निघाला होता आणि माझं निम्मं लक्ष त्याच्याकडे होतं. मग मंत्री म्हणाले, "वाटेत मी तुमचे आभार वाचले. मन भरून आलं. मी एवढंच सांगतो, की वसतिगृहाबाबत शासन सकारात्मक विचार करील." टाळ्या झाल्या. ते खाली बसले.

फीमाफीचं नावही नाही. बाबा माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "जाऊ दे पोरी. ट्रक तं ट्रक." ते मला समजावत होते की स्वतःला, कुणास ठाऊक. मला त्या क्षणी बबनचा गळा दाबावासा वाटत होता, आणि तो तर कर्नाळ्याहून धावतपळत येऊन दारात घामाघूम उभा होता, मंत्र्यांनी आपलंच वाक्य उचललं म्हणून आनंदाने हसत.

जावईबापूंनी कागदावरून आभार वाचले. कुणाच्याही जिवाला घोर लावणारं त्यात काही नव्हतं. खुर्च्या सरकू लागल्या, मंत्री उठू लागले, आणि मांडवाच्या मागच्या पडद्यातून सर आले. हाताला जिलबीचा पाक, हातात नारळ. त्यांनी ध्वनिक्षेपक असा धरला की प्राचार्यांना तो काढून घेता येईना.

"आभारप्रदर्शनाचे आभार मानायचे राहिले," सर म्हणाले.

उठलेलं पनवेल खाली बसलं. मंत्र्यांनाही बसावं लागलं.

"जावईबापूंनी उत्तम आभार मानले, त्याबद्दल त्यांचे आभार. आता एकच गोष्ट. मंत्रीमहोदयांनी भाषणात फीमाफीचा उल्लेख केला नाही. का केला नाही? स्वतःच्या तोंडाने स्वतःचं मोठेपण सांगणं या माणसाच्या स्वभावातच नाही. वसतिगृहाचा विचार सांगितला आणि झालेला निर्णय मनात ठेवला. याला म्हणतात विनय." सरांचा आवाज इथे खरोखर भरून आला. तो मुद्दाम की आपोआप, हे मला आजही सांगता येणार नाही. "ज्या पोरीला या निर्णयाने डिग्रीला जाता येणार, तिचे वडील करंज्याहून आले आहेत. नाखवा, या. तुमच्या हातून हा नारळ साहेबांना द्या."

बाबा उठले. वाटेत त्यांनीच आणलेल्या पाण्यावर त्यांचा पाय घसरला, मंत्र्यांनीच पुढे होऊन सावरलं, आणि नेमका त्याच वेळी छायाचित्रकाराचा फ्लॅश उडाला. ध्वनिक्षेपक बाबांच्या तोंडाशी आला. आयुष्यात वाऱ्याशी आणि आईशी सोडून कुणाशी मोठ्याने न बोललेले बाबा म्हणाले, "साहेब, आमी तं पोरगी घरी बसवनार व्हतो. तुमी हाव म्हनून आता बसवत नाय." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. तेवढं मात्र कुणी शिकवलेलं नव्हतं.

मंत्री चांगले मुरलेले होते. त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा सरांकडे पाहिलं. आपण पकडले गेलो आहोत हे त्यांना कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याची गंमतही वाटली असावी. ते म्हणाले, "नाखवा, पोरीला पाठवा. आदेश निघेल." सचिवाने वहीत काहीतरी लिहिलं. नारळ व्यासपीठावरच राहिला आणि संध्याकाळी सरांच्या पिशवीत परत गेला. जिताडा काकूंकडे गेला.

आदेश निघायला फार दिवस लागले. डिग्री कॉलेजच्या प्राचार्यांनी विनाफी प्रवेश कसा देऊ, असं विचारलं, तर सरांनी तिथे जाऊन आदेश येईपर्यंत थांबल्याबद्दल त्यांचे आभार मानले. सहामाही परीक्षा झाली, आदेश नाही. सरांनी पोस्टमनचे आगाऊ आभार मानले. पोस्टमन पुढे इतका ओशाळला की विद्यालयासमोरून जाताना सायकलवरून उतरून मान खाली घालून चालायचा. वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि एके दिवशी तो सायकल न लावताच, ती आडवी टाकून, आत धावत आला. डिप्लोमा झालेल्या गरजू विद्यार्थ्यांची फीमाफी डिग्री पूर्ण होईपर्यंत चालू राहील, असा तो आदेश होता. माझ्यापुरता नव्हे, सगळ्यांसाठी.

बबनलाही फीमाफीचा लाभ झाला. वसतिगृहाचा मात्र शासन सकारात्मक विचारच करत राहिलं. "सर," बबन म्हणाला, "माजं आभार परत द्या. होस्टेल काय झाला नाय." सरांनी दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घराच्या पडवीवर तिरप्या अक्षरांत पाटी लावली: 'वसतिगृह'. आत एक खाट, एक दिवा आणि बबन. डिग्री होईपर्यंत तो तिथेच राहिला. काकूंना न विचारता हे ठरलं होतं. "विचारायचं कशाला?" सर म्हणाले. "तिचे मानून झालेत." काकूंनी त्या दिवशी त्यांना आमटीत मीठ घातलं नाही. बबनच्या वाटीत मात्र बरोबर घातलं होतं.

मी डिग्री घेऊन सरांना पेढे द्यायला गेले तेव्हा वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "सर, तुमचे आभार कसे मानू..." त्यांनी मला तिथेच थांबवलं. इतके रागावलेले सर मी कधी पाहिले नव्हते. "झालेल्या कामाचे आभार मानू नकोस. ते हिशेब मिटवणं झालं. मिटला की माणसं रस्त्यात ओळख देत नाहीत. आपला चालू राहू दे." मग पेढा तोंडात टाकून शांतपणे म्हणाले, "त्यापेक्षा आपल्या विद्यालयात येऊन पुढच्या पोरींना ड्रॉइंग शिकवायचं ठरवल्याबद्दल मीच तुझे आभार मानतो." माझ्या हातात एका मोठ्या बांधकाम कंपनीचं पत्र होतं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. नवव्या दिवशी भातगिरणीच्या मागे रुजू झाले आणि अजून तिथेच आहे. मला हा माणूस फार आवडायचा, एवढं सरळ लिहून टाकते. त्याच्यावर रागावूनसुद्धा आवडायचा.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा सरांना अर्धांगाचा झटका आला. दवाखान्यात जीभ जड झालेली, तरी त्यांनी डॉक्टरांना जवळ बोलावलं आणि एकेक शब्द गोळा करत, रुग्णाला बरं करून घरी पाठवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले. सरांचे हे एवढेच आभार वाया गेले.

शोकसभा, शेठ वड्यासकट उभे राहिले होते त्याच सभागृहात झाली. अध्यक्षस्थानी जावईबापू होते. सासऱ्यांच्या मागे संस्था आता त्यांच्याकडे आली होती. मंडपवाले शेठ होते, पोस्टमन होता, बबन सरकारी जीपमधून आला होता, बाबा पहिल्या रांगेत काठी टेकून बसले होते. भाषणं झाली, दोन मिनिटं स्तब्धता झाली. शोकसभेत आभार मानत नाहीत. स्तब्धता संपली की माणसं मुकाट्याने निघून जातात, अशी आपली पद्धत आहे. स्तब्धता संपली. माणसं खाली बसली आणि बसूनच राहिली. कुणी चपला शोधेना, कुणी घड्याळ बघेना. सगळं पनवेल व्यासपीठाकडे बघत होतं, जणू अजून एक माणूस बोलायचा राहिला होता.

काकू माझ्या शेजारी होत्या. त्यांनी कापडी पिशवी माझ्या मांडीवर ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "कुणीतरी आभार मान गं. नाहीतर हे लोक जायचे नाहीत."

मी उठले. पिशवीतला नारळ वाळून गोटा झाला होता, चालताना आत खुळखुळत होता. मला वाटलं होतं मी सरांविषयी बोलेन. पण तोंड उघडलं आणि वेगळंच निघालं. "अध्यक्षमहाराजांनी घरत सरांच्या नावाने आपल्या विद्यालयाचं वसतिगृह बांधायचं मनात आणलं आहे," मी म्हणाले, "त्याबद्दल मी त्यांचे अंतःकरणपूर्वक आभार मानते." आणि नारळ जावईबापूंच्या हातात दिला.

त्यांच्या मनात असलं काही नव्हतं, हे सभागृहातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण मागे कुणीतरी वाजवली. बहुधा मंडपवाले शेठ. मग सगळ्यांनीच वाजवल्या. जावईबापू त्या खुळखुळणाऱ्या नारळाकडे बघत राहिले. त्यांना हसू येत होतं आणि डोळेही भरले होते, दोन्ही एकदम. शेवटी ते म्हणाले, "भातगिरणीची जागा चालेल का?"

"चालेल," दारातून बबन म्हणाला.

मग माणसं उठली. बाबा काठी शोधत होते, बाहेर चपलांची नेहमीची गर्दी झाली होती. काकू मात्र व्यासपीठाकडे गेल्या आणि जावईबापूंच्या हातातून नारळ काढून घेऊन त्यांनी तो परत पिशवीत ठेवला.

"अजून लागेल," त्या म्हणाल्या.